चोळीच्या रंगाची कोंबडी

कराडजवळच्या आमच्या गावात मी गेली तीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवते. रंग ओळखण्यात माझा हात धरणारं आसपास कोणी नाही, असा माझा समज होता आणि तो मी कुणापासून लपवून ठेवला नव्हता. गिऱ्हाइकानं साडी उलगडली की मी रिळांच्या डब्यात हात घालते आणि पहिल्या फटक्यात नेमकं रीळ बाहेर काढते. कांदा कलर, डाळिंबी, अबोली, गाजरी, शेवाळी, मला कशाचंच कोडं पडत नाही. अशा बाईनं कोंबड्यांच्या पिसांचा रंग सुधारायला घ्यावा आणि चार वर्षं भलत्याच रंगामागं पळावं, हे कबूल करणं सोपं नाही. पण आमच्या ह्यांनी ते गावभर आधीच सांगून टाकलंय, तेव्हा निदान मी ते नीट सांगते.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं माळ, मेंढरं, आणि अलीकडं डाळिंबाच्या बागा. माझी आई लग्न होऊन तिथं आली तेव्हा तिनं माहेराहून एक तलंग काखेत मारून आणली होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. भांडीकुंडी सगळ्याच पोरींना मिळतात, ही तलंग मात्र आईनं हट्टानं मागून घेतली होती. पुढं आमच्या अंगणात ज्या कोंबड्या झाल्या त्या सगळ्या तिच्याच वाणाच्या. आईला दागिन्यांचं कौतुक नव्हतं, साड्यांचंही बेताचंच. "आमच्या वाणाची कोंबडी" म्हणताना मात्र तिची मान ताठ व्हायची.

त्या वाणातली एक थोरली कोंबडी मी लहानपणी पाहिलेली आहे. तिचा रंग मला आठवत नाही, खरं तेच सांगते. तिची चोच मात्र पक्की आठवते, कारण पिलांना हात लावला म्हणून तिनं माझ्या मनगटावर जी टोच मारली तिचा वण अजून आहे. घार घिरट्या घालायला लागली की बाकीच्या कोंबड्या पळायच्या आणि ही पंख फुगवून उलट अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहायची. दिवस मावळायला सगळ्या डालग्याखाली गेल्या तरी हिचा पत्ता नसायचा. डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं मोठं टोपलं, उपडं घातलं की तेच कोंबड्यांचं घर. मग आई दारात उभी राहून तिची खरडपट्टी काढायची, "आलीस व्हय? कुठं उलथली हुतीस इतका ईळ?"

आईचं हे असंच आहे. परक्या माणसाशी ती इतकं गोड बोलते की ऐकणाऱ्याला वाटावं, किती मऊ स्वभावाची बाई! घरच्यांना मात्र दिवसभर ओरडते. आम्हा भावंडांत ती कुणाला जास्त ओरडते यावरून आमच्यात भांडणं व्हायची, आणि ज्याला कमी ओरडा बसलेला असायचा तो रुसून बसायचा.

तर ह्या कोंबडीवरून आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. आई एकदा बाजारात चोळीचा खण घ्यायला गेली. दुकानात तिला दोन खणांत ठरवता येईना. शेवटी एक उचलला, घरी आली, आणि पाणीसुद्धा न पिता अंगणात जाऊन तो खण त्या थोरल्या कोंबडीच्या पाठीशी धरून बघितला. रंगात रंग मिसळला. माझे वडील ओसरीवर बसून बघत होते. ते म्हणाले, "बायका लुगड्यावर चोळी घेत्यात, आमच्या बाईनं कोंबडीवर घेतली." वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य अजून कुणी ना कुणी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतं.

नंतरच्या काळात त्या वाणात सरमिसळ होत गेली. गावचे कोंबडे काही विचारून येत नाहीत. काबरी, पांढुरकी, पिवळट अशी सगळी भरती अंगणात झाली. आई म्हणायची, "रंग मिसळला, पर रगत हाय." आणि मग पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. ह्या रोगात कोंबडी मान टाकते आणि तासाभरात जाते. चार दिवसांत आईचं अंगण रिकामं झालं. भावानं दुसऱ्या कोंबड्या आणून देतो म्हटलं तर आई म्हणाली, "वाण गेला आता. दुसरी कोंबडी म्हंजे नुसती कोंबडी." तिनं डालगं धुतलं, वाळवलं आणि ओसरीच्या खुंटीला उंच टांगून ठेवलं.

आई तेव्हा ऐंशीला टेकली होती. मी भेटायला गेले तर ती ओसरीवर बसून अंगणाकडं बघत होती आणि कुणालाही ओरडत नव्हती. आईला असं गप्प बसलेलं मी वडील गेले तेव्हाही फार दिवस बघितलं नव्हतं.

पण माझ्याकडं एक गोष्ट होती, जी तोवर मला महत्त्वाची वाटली नव्हती. साथीच्या पंधराएक दिवस आधीच मी माहेरी जाऊन आले होते, आणि आईनं कोंड्यात घालून बारा अंडी डब्यातून दिली होती. खायलाच दिली होती. पण घरी आले तर माझी एक कोंबडी खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली. तिच्याखाली ती ठेवून दिली. सात पिलं निघाली. म्हणजे आईच्या वाणाचं जगात जे काही उरलं होतं ते माझ्या परसात कोंडा टिपत फिरत होतं.

मी तिथंच ठरवलं, आईला ती थोरली कोंबडी परत द्यायची. तीच चाल, तोच रंग. तिला काही सांगायचं नाही, एकदम अंगणात नेऊन सोडायची. आता रंग आठवत नव्हता, पण रंगाचा दाखला होता. मी आईकडं ती जुनी चोळी मागितली. म्हटलं, "आठवण म्हणून दे." आईनं पेटीतून काढून दिली आणि म्हणाली, "फाटकं चिरगूट कशाला गं नेतीस?" चोळी विटकरी रंगाची होती, जुन्या विटेला असतो तसा फिका तांबूस. मी ती पदराखाली धरून एसटीत बसले आणि विट्याला गाडी बदलेपर्यंत माझा सगळा बेत तयार झाला होता.

घरी आल्यावर मी कामाला लागले ती अगदी शिस्तीत. एका पुठ्ठ्यावर चोळीच्या रंगाशी जुळणारा दोरा गुंडाळला. प्रत्येक कोंबडीचं पाठीवरचं एक पीस घ्यायचं, त्या दोऱ्याशेजारी टाका घालून शिवायचं आणि खाली तिची खूण लिहायची. जे पीस दोऱ्याच्या सगळ्यात जवळ ते पास. परसात जुन्या साड्यांचं कुंपण बांधलं, म्हणजे बाहेरचा कोंबडा आत यायला नको. तरी पहिल्या वर्षी शेजारचा एक पांढरा कोंबडा कुंपणावरून उडून आत आलाच. त्या खेपेची पिलं बघून माझा इतका संताप झाला की मी कुंपणावर आणखी दोन साड्या चढवल्या, त्यातली एक माझ्या लग्नातली होती.

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना हे सगळं बघून उत्साह आला. पिलं निघतात तेव्हा सगळी सारखीच दिसतात, खरा रंग तीन-चार महिन्यांनी पिसं पालटली की कळतो. तो दिवस आला की हे खुर्ची टाकून परसात बसायचे. मी एकेक पक्षी उचलून पुठ्ठ्याशी धरायची आणि ह्यांची आरोळी, "पास! नेक्स्ट!" रंग जुळला नाही की, "मेडिकल अनफिट! घरी जावा!" मला ते म्हणायचे, "भरतीला उभा ऱ्हायलो तवा माझीसुदिक इतकी तपासणी झाली न्हवती." 

अनफिट ठरलेले पक्षी जायचे माझ्या धाकट्या जावेकडं. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. दरवर्षी सात-आठ पिलं मोठी होता होता काळपट पडायची. सावलीत बघितली तर जवळजवळ काळीच, गूळ जास्त शिजून करपल्यासारखी. मला ती बघवत नसत. शिवाय ती भारी तापट. हात लावला की टोचणार, कुंपणावरून उडणार, दुसऱ्यांना हाणणार. मी त्यांना पायाला धरून भिंतीपलीकडं द्यायची. जाऊ म्हणायची, "व्हय, तुझं टाकाऊ तेवढं माझं." मी म्हणायची, "रश्शाला काय रंग लागतो?"

तिसऱ्या वर्षी मला यश आलं. परसात बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे, सगळे कापडाच्या एकाच ठाणातून कापल्यासारखे विटकरी. एकाच्याही अंगावर दुसऱ्या रंगाचं पीस नाही. पिसं इतकी सारखी की पुठ्ठ्यावर दोरा कुठला आणि पीस कुठलं ते लांबून कळत नसे. आणि स्वभाव किती गरीब! कुणीही उचलावं, कुणीही काखेत मारावं. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका आधी परसात जाऊन कोंबड्या बघायच्या आणि मग माप द्यायच्या. मी वर मान करून फिरत होते. एकच बारीकशी खोट होती, त्यातली एकही खुडूक बसत नव्हती. अंडी घालायच्या आणि विसरून जायच्या. पण मी रंग बघत होते, ते मनावर घेतलं नाही.

त्यातली सगळ्यात देखणी कोंबडी मी आईला नेऊन दिली. अंगणात सोडली आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिले. आईनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "छान हाय," ती म्हणाली. "लय गुणी दिसती. ये बाय, ये." तिला मूठभर ज्वारी टाकली. मला म्हणाली, "एवढ्या लांबनं आणलीस, तरास झाला आसंल." मी खुशीत परत आले. डालगं मात्र खुंटीवरून खाली आलं नाही. कोंबडी भावाच्या गोठ्यात एका पाटीखाली राहायला लागली. मी मनाला समजावलं की एकाच कोंबडीसाठी एवढं मोठं डालगं कशाला काढतील. पण ते मला टोचत होतं, आणि म्हणून चौथ्या वर्षी मी रंग आणखी बारकाईनं जुळवायला घेतला. म्हणजे चुकीच्या रस्त्यावर आणखी जोरात निघाले.

मग भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. आईनं लग्नात नवी चोळी घालावी आणि ती त्याच जुन्या खणासारखी असावी, असं माझ्या मनात आलं. कापड घ्यायला मी सांगलीला गेले. अस्तरं आणि रिळं मी वर्षानुवर्षं तिथल्या एका दुकानातून आणते. दुकानाचे मालक आण्णा, धर्मानं जैन. कांदा त्यांनी जन्मात तोंडात घातलेला नाही, पण कांदा कलरच्या सहा छटा ते डोळे मिटून सांगतील. माझा कोंबड्यांचा उद्योग त्यांना ठाऊक होता आणि अजिबात पसंत नव्हता. एकदा मी पिसांचा पुठ्ठा गल्ल्यावर ठेवला तर ते दोन पावलं मागं सरले होते आणि म्हणाले होते, "ताई, त्ये खाली घ्या आधी. रंगाचं काय इचारायचं त्ये तोंडानं इचारा." तेव्हापासून मी तो विषय तिथं काढत नसे. चोळीही त्यांना कधी दाखवली नव्हती.

त्या दिवशी मी चोळी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "आण्णा, असाच खण पाहिजे. असाच रंग." 

आण्णांनी चोळी उचलली आणि रीतीप्रमाणं दुकानाच्या पायरीवर उन्हात नेली. उलटी केली. परत सुलटी केली. मग मला विचारलं, "किती वर्साची हाय ही?"

"पन्नासेक झाली असतील."

"मग ह्यो रंग कुणाचा? ह्यो उन्हाचा आन् साबणाचा रंग. म्हातारीनं घेतली तवा काय रंग हुता?"

मी म्हटलं, "हाच की."

आण्णा माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी नवशिकी पोरगी आहे आणि पहिल्यांदाच सुईत दोरा ओवतेय. "ताई, तुमी शिवणारी माणसं. मी सांगायचं व्हय तुमाला? दोन बोटं उसवू का?"

मी मान हलवली. त्यांनी काखेखालच्या बाजूची शिवण उसवली. आम्ही शिवताना आत जे जादा कापड दुमडून ठेवतो, पुढं अंगात घट्ट झालं तर सोडता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. त्या दुमडीत पन्नास वर्षांत ऊन गेलं नव्हतं, साबण गेला नव्हता. आण्णांनी ती उलगडली. आत आमसुली रंग होता. दुकानाच्या सावलीत काळपट, आणि आण्णांनी हात जरा उन्हाकडं नेला तसा आतून तांबडा पेटलेला.

तो रंग मला पाठ होता. चार वर्षं मी तो पायाला धरून भिंतीपलीकडं देत होते.

मी दिवसातून दहा वेळा लोकांच्या शिवणी उसवते. विटलेल्या कपड्याचा खरा रंग आत मायेत असतो, हे शिवणकाम शिकणाऱ्या पोरींना मी पहिल्याच महिन्यात सांगते. पण ती आईची चोळी होती. ती उसवावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी पायरीवरच बसले. आधी रडू आलं आणि मग हसू, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो तशी मी दिसत असणार. आण्णांनी पाणी मागवलं. काय झालं ते मी त्यांना सांगितलं, कोंबडी हा शब्दसुद्धा न गाळता. त्यांनी मागं न सरता सगळं ऐकून घेतलं. मग आमसुली खण काढून दिला आणि म्हणाले, "त्या काळ्यातली एकादी ऱ्हायली आसंल. जावा बिगीनं, बघा."

एसटीत मी सगळा रस्ता हिशोब लावत होते की जावेकडं कधी कधी पाहुणे आले होते आणि कधी कधी रश्शाचा वास आमच्याकडं आला होता. वास पुष्कळदा आला होता. घरी पोचल्यावर ह्यांना सांगितलं. हे आधी हसले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. मग म्हणाले, "म्हंजे चार वर्सं आपण चांगलं चांगलं जवान नापास केलं आन् न्हायी त्यास्नी मेडलं दिली." आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. मी पिसांचा पुठ्ठा त्यांच्या अंगावर फेकला आणि जावेकडं गेले.

जाऊ अंगणात शेंगा फोडत होती. मी विचारलं, "त्या काळ्यांतली एखादी आहे का गं?"

"कसल्या काळ्या?"

"मी दिलेल्या."

"टाकाऊ व्हय?" ती शेंगा फोडतच राहिली. "एक हाय. मागं सोप्यात खुडूक बसलीया अकरा अंड्यांवर. का?"

मी तशीच मागं गेले. पाटीत भाताच्या पेंढ्याच्या बिछान्यावर ती बसली होती. काळी. मी पाटी जराशी दाराच्या उजेडात ओढली तशी तिच्या पाठीवर तो आतला तांबडा रंग दिसला. मी हात पुढं केला, आणि तिनं माझ्या मनगटावर अशी टोच मारली की माझ्या तोंडून "आई गं" निघालं. टोच नेमकी जुन्या वणाच्या शेजारी बसली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच उकिडवी बसून मनगट चोळत हसत राहिले.

जाऊ दारात येऊन उभी होती. "बया, येड लागलं का काय?" मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ही मला दे. माझ्यातल्या चार घे, पाहिजे त्या."

तिनं शेंगांचं सूप कमरेवर घेतलं. "तुझी ती न्हवरीसारखी कोंबडी मला नगं. दिवाळीपासनं माझी चार ब्लाऊज तुझ्याकडं पडल्यात. जगाची शिवून झाली की माझी, आन् जगाची काय सपत न्हाईत. आधी ती चार ब्लाऊज, मग ही कोंबडी."

तिचं चुकत नव्हतं. घरच्यांचे ब्लाऊज नेहमी शेवटी, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. मी दोन दिवस यंत्रावरून उठले नाही. चारही ब्लाऊज शिवले, गळे तिला हवे तसे, एकाला लेस. नेऊन दिले तर तिनं प्रत्येकाची शिवण आतून बघितली आणि मला म्हणाली, "माया ठेवलीस न्हवं भरपूर? मला हितनं फुडं जाड व्हायचंय." पिलांचा बाप कोण ते तेवढं तरी सांग म्हटलं, तर म्हणाली, "मी काय त्यांची लग्नं लावत बसले व्हते?"

लग्नाच्या आठवडाभर आधी अकरातली नऊ पिलं निघाली. कोंबडी आणि पिलं एका टोपलीत, वर जुनी साडी बांधलेली, अशी आमची वरात आटपाडीला निघाली. ह्यांनी टोपली मांडीवरून खाली ठेवू दिली नाही. कंडक्टरनं काय आहे विचारलं तर छाती काढून म्हणाले, "स्पेशल ड्युटी." 

आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. माझी ती विटकरी कोंबडी तिच्या पायाशी होती, आणि आई तिला दाणे टाकत होती, "ये बाय, घे बाय." मी आईला आधी नवी चोळी दिली आणि जुनी चोळी परत केली, उसवलेल्या शिवणीसकट. सगळी हकिकत सांगितली. चार वर्षांची, पुठ्ठ्याची, आण्णांची.

आईनं उसवलेली जागा डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "आगं, इटली की ती चोळी! पन्नास वर्सं धुतली. मला इचारायचं हुतंस एकदा." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "आन् ही म्हणं रंगातली दर्दी." ह्यांनी संधी सोडली नाही, मान जोरजोरात हलवली.

मी टोपलीची साडी सोडली. कोंबडी बाहेर आली, अंग झाडलं, पिलं गोळा केली. ओसरीच्या सावलीत ती काळी दिसत होती. चार पावलं टाकून उन्हात गेली आणि तिच्या पाठीवर, मानेवर, पंखांच्या कडांवर तो आमसुली रंग उठला. भावाचा कुत्रा वास घेत पुढं आला. तिनं पंख फुगवले आणि सरळ त्याच्या नाकावर झेप घेतली. कुत्रा गोठ्यात पळाला.

आईच्या हातातलं सूप खाली गेलं. ती गुडघ्यावर हात देत उठली, ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि कोंबडीसमोर जाऊन उभी राहिली. आता जर ती "छान हाय" म्हणाली असती, तर मी पुन्हा कधी कोंबडीचं नाव काढलं नसतं.

आईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आलीस व्हय?" ती कडाडली. "कुठं उलथली हुतीस इतका ईळ?"

मग तिनं घराकडं तोंड करून भावाला हाक मारली, "आरं, त्ये डालगं काढ खाली!" भाऊ स्टूल घेऊन आला, वर चढला, आणि स्टूल नीट धरलं नाही म्हणून आई मला ओरडायला लागली.